पाच गोळ्यांची तुलना

उतरती कुपी तळगावच्या दाराला लागली, तेव्हा औषध तपासनीस डॉ. जयवंत हुद्दार भिंत घट्ट धरून उभे होते आणि आपण सहज टेकलो आहोत असं दाखवत होते. समुद्राखाली येण्याची त्यांची ही पहिलीच वेळ. डॉ. शर्वाणी टिपणीस त्यांना घ्यायला स्वतः दारात आल्या.

"या, या! अगदी मुहूर्तावर आलात," त्या म्हणाल्या. "उद्या सकाळी औषध मंडळासमोर आपल्या दोघांच्या सह्या झाल्या की अभयीनची गोळी सगळ्या सागरतळ केंद्रांना लागू. तुमची ही ठरलेली तपासणीच ना?"

"तसंच समजा," हुद्दार म्हणाले.

कागदोपत्री या जागेचं नाव सागरतळ धातुकेंद्र असं होतं, पण तिथे राहणारी माणसं तिला तळगावच म्हणत. डोक्यावर एवढा समुद्र घेऊन शांत झोपणारा माणूस एक तर फार धाडसी असतो, नाही तर त्याला कल्पनाशक्ती नसते. तळगावात दोन्ही प्रकारची माणसं कमीच होती. बाकीचे घाबरत. कामाला आलेला एक तरुण इंजिनियर बंद दारावर नखं घासताना टिपणीसांनी पाहिला होता, आणि तेव्हापासून त्या हट्टाला पेटल्या होत्या. भीतीवर चालणाऱ्या औषधांची तुलना करायची आणि इथल्या माणसांना चैन पडेल अशी एक गोळी शोधून काढायची, एवढंच त्यांनी ठरवलं होतं.

प्रयोगशाळेत बसल्या बसल्या त्यांनी विषयाला हात घातला. "जुन्या चारही गोळ्या एकाच कुळातल्या. मेंदूत एक ब्रेक असतो, त्यावर चारही जणी पाय ठेवतात. फरक एवढाच, की कोण किती लवकर ठेवते आणि किती वेळ. अल्प्राझोलाम झटकन चढते, झटकन उतरते, आणि उतरली की माणूस पुढच्या गोळीची वाट बघत बसतो. डायझेपामही लवकर लागू पडते, पण अंगात दिवसचे दिवस रेंगाळते. क्लोनाझेपाम सावकाश, पण दमदार. लोराझेपाम मधली. चारींनी सुस्ती येते, चारींची सवय लागते, आणि एकदम बंद केल्या तर झटके येऊ शकतात."

"आणि पाचवी?"

"अभयीन! सुस्ती नाही, सवय नाही. घाबरण्याचे प्रसंग शून्य. शून्य, हुद्दार!"

"प्रसंग मोजले कसे?"

"रोज संध्याकाळी प्रत्येकाला विचारतो, आज किती वेळा भीती वाटली? सगळीकडे असंच विचारतात."

हुद्दारांनी स्वतःच्या मनगटावरचा पट्टा दाखवला. आत येणाऱ्या प्रत्येकाला तो दारातच बांधत. "आणि हा भयमापी?"

"तो हृदयाच्या काळजीपोटी. धडधड, घाम, श्वास मोजतो, आणि माणूस कुठे आहे तेही नोंदवतो. त्याचे आकडे वैद्यकीय कक्षाकडे जातात, आमच्याकडे येत नाहीत. दोन विभाग, दोन साहेब. तुम्हाला काय वेगळं सांगायचं?"

"जोडून बघू या का? चहा घेत घेत. घाई काहीच नाही."

सहीच्या आदल्या दिवशी हे काय नवीन, म्हणून टिपणीसांच्या कपाळाला आठी पडली. पण पाहुण्याला नाही कसं म्हणायचं? कोणत्या गटाला कोणती गोळी, हे आठवड्यापूर्वी उघड झालं होतं. कोणता माणूस कोणत्या गटात, हे मात्र अजून यंत्राच्या पोटातच होतं. त्यांनी नावं झाकून दोन्हीकडचे आकडे एकाखाली एक लावले. हुद्दार मध्येच खोबऱ्याच्या वड्यांची चौकशी करत होते, आपल्या कुत्र्याचे किस्से सांगत होते, आणि टिपणीसांना त्यांचा मनापासून वैताग येत होता.

चार गटांत तोंडचा आकडा आणि मनगटाचा आकडा बऱ्यापैकी जुळला. पाचव्यात तोंडचा आकडा शून्य होता, आणि मनगटाचा गोळीच न घेतलेल्या माणसाइतका उंच.

"पट्टे बिघडलेत," टिपणीस म्हणाल्या.

"एकाच गटाचे?"

टिपणीसांनी चहाचा कप खाली ठेवला. हट्टी असल्या तरी त्या शास्त्रज्ञ होत्या, आणि समोरच्या आकड्याशी भांडण्यात वेळ घालवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"म्हणजे भीती वाटते. संध्याकाळी आठवत नाही, एवढंच," त्या सावकाश म्हणाल्या. "या कुळातल्या गोळ्यांनी थोडंफार विसरायला होतंच. अभयीनमध्ये बाकी सगळं गळून तेवढंच उरलंय. भीतीच्या क्षणी जे घडलं, त्याची मेंदू नोंदच करत नाही. झटका मोठा असेल तर आधीचे काही तास, आणि मनात धास्ती पेरणारी मागची एखादी गोष्टही पुसून जाते."

"आणि माणूस शांत असला तर?"

"तर सगळं नीट लक्षात राहतं. म्हणून तर कुणाला शंका आली नाही. आपण भीतीवर औषध शोधलंच नाही हो. भीतीचा साक्षीदार तेवढा गप्प केला."

पाचव्या गटातल्या एका पट्ट्यावर सातव्या बोगद्यात पुन्हा पुन्हा भीतीचा कळस दिसत होता. त्या बोगद्यात एकच माणूस जात असे, जुना खाणकामगार लतीफ सोलकर. टिपणीसांनी त्याला बोलावून घेतलं.

"सोलकर, सातव्या बोगद्यात काही त्रास?"

"काय नाय हो डॉक्टरबाय. एकदम बरा हाय बोगदा. उद्या परत जातंय मी."

"मग परवा काम टाकून धावत का आलात? पट्ट्यात नोंद आहे."

"मी? धावत?" सोलकर हसला. "या वयात कोन धावतंय?"

तो गेल्यावर टिपणीस उठून उभ्या राहिल्या. काहीतरी बघून हा अनुभवी माणूस जीव घेऊन पळत होता, आणि दुसऱ्या दिवशी शीळ घालत पुन्हा तिथेच जात होता. भीती लक्षात राहिली नाही तर माणूस शिकणार कुठून? त्यांना संताप आला, गोळीचा आणि त्याहून जास्त स्वतःचा. या संतापातच त्यांना पुढचं सुचलं. "गोळी इथे सगळेच घेतात. मीसुद्धा. म्हणजे माझंही काही पुसलं गेलं असेल. हुद्दार, तुम्ही ठरलेल्या तपासणीला आलेला नाहीत."

"नाही. परवा तुमचा फोन आला होता. हेच सगळं तुम्ही मला सांगितलंत. रडत होता, शब्द फुटत नव्हता. काल मी उलट फोन केला, तर म्हणालात, तपासणीला येताय? या की!"

"मग आल्या आल्या का नाही सांगितलंत?"

"भेदरून कळलेलं तुमच्याकडे टिकलं नव्हतं. म्हटलं, चहा पीत, आकडेमोड करत कळलं तर टिकेल. मी एकटा मंडळाकडे जाऊन उपयोग नव्हता. होकार असो की नकार, दोघांच्या सह्या लागतात, आणि तुम्ही तर अभयीनचे गोडवे गात होता."

टिपणीसांनी मनगटाकडे पाहिलं. पट्टा हिरवा होता. रागाला ही गोळी हात लावत नसावी, याचं त्यांना बरं वाटलं.

"दारात तुम्हालाही गोळी दिली असेल ना?"

"दिली. तुमचाच नियम, घेतल्याशिवाय आत सोडत नाहीत. पाचांतली कुठली ते देव जाणे. आणि अभयीन असली तरी काय बिघडतं? मी काही घाबरणारा माणूस नाही."

टिपणीसांनी लगोलग सातवा बोगदा बंद करायला लावला. सोलकरने कुरकुर केली, त्यांनी ऐकलं नाही. मग दोघांनी मिळून उद्याचा नकार लिहिला. अभयीन थांबवायचं; जुन्या गोळ्या कुणाच्याही एकदम बंद करायच्या नाहीत, हळूहळू कमी करायच्या; आणि गोळ्यांबरोबर माणसांशी रोज कुणीतरी बोलायचं.

संध्याकाळच्या जेवणाआधी सातव्या बोगद्याचं छत कोसळलं. तळगाव मुळापासून हादरलं, दिवे गेले, भोंगे वाजले. टिपणीस दारादारांतून धावत माणसं मोजत होत्या, पाणी अडवणारी पाणदारं लावून घेत होत्या. त्यांना घाबरायला सवड मिळाली नाही, आणि दुपारचा राग अजून उतरला नव्हता. बोगद्यात कुणीही नव्हतं. सोलकर समोर धडधाकट दिसला, तेव्हा त्यांनी सगळ्यांदेखत त्याचे दोन्ही हात धरले.

हुद्दार त्यांना जेवणघरात टेबलाखाली सापडले. पट्टा लालभडक झाला होता. टेबलाचा पाय त्यांच्या हातून सुटता सुटेना. टिपणीस त्यांच्याशेजारी जमिनीवर बसून राहिल्या आणि ते शांत झाल्यावर त्यांना खोलीत पोचवून आल्या.

सकाळी जाग येताच त्यांनी सावकाश मनाशी उजळणी केली. आकडे, सोलकर, फोनची गोष्ट, नकाराचा शब्द न् शब्द. सगळं जागेवर होतं. त्यांना इतका आनंद झाला की डोळे भरून आले. आज काय वाटेल ते झालं तरी हे औषध त्या पुढे जाऊ देणार नव्हत्या.

जेवणघरात हुद्दार घावनांवर ताव मारत होते.

"या बाई! प्रवासाने अगदी गळून गेलो होतो बघा. काल तुमच्या ठरलेल्या तपासणीला म्हणून कुपीतून उतरलो, तुम्ही दारात भेटलात, पुढचं काही आठवतच नाही. थेट झोपलोच वाटतं. आणि संध्याकाळी म्हणे बोगदा पडला! आचारी सांगत होता. कुणाच्या अंगावर ओरखडा नाही, आणि आज जो तो मजेत. विचारलं तर म्हणतात, भीती? छे! याहून मोठा पुरावा कुठला हवा तुमच्या अभयीनला? आकडे बघत बसायची गरजच नाही. सांगा, कुठे करू सही?"

खांदे धरून त्यांना गदागदा हलवावं, असं टिपणीसांना वाटलं. लिहिलेला नकार त्यांच्यासमोर आपटावा, ओरडून सगळं सांगावं. पण मग हुद्दार भेदरले असते, आणि मंडळासमोर बसेपर्यंत तेही पुसून गेलं असतं.

त्यांनी खुर्ची ओढली आणि पुढ्यातली किटली उचलली. त्यांनी दोन कप भरले.

"सही काय, होईलच हो," त्या हसून म्हणाल्या. "तुमच्या कुत्र्याचं काय म्हणत होता ते आधी सांगा. मग एक बारीकशी आकडेमोड आहे, ती दोघं मिळून करू. निवांत."

मंडळ पडद्यावर यायला पाऊण तास उरला होता.