पाठ असलेलं गाणं

चार वाजताच्या मेटल संगीताच्या कार्यक्रमाला लोक तीनलाच येऊन जागा धरतात, असं मृणाल बेंद्रेला तिच्या पंचविशीत कुणी सांगितलं असतं, तर तिनं त्याला वेड्यात काढलं असतं. आता वयाच्या सहासष्टाव्या वर्षी ती स्वतः पावणेतीनला हजर होती. तळेगावच्या पुढे एका मोकळ्या मैदानावर मांडव घातला होता. सगळीकडे काळे टी-शर्ट, आतली पोटं मात्र सुटलेली. ज्यांच्या डोक्यावर केस शिल्लक होते, त्यांनी ते हट्टानं खांद्यापर्यंत वाढवलेले. फाटकाशी रक्तदाब मोजायचं टेबल, पलीकडे कोकम सरबत. आणि स्टेजसमोर जिथं पूर्वी पोरं एकमेकांवर अंग झोकून द्यायची, त्या मॉश पिटमध्ये रबरी गाद्या अंथरून पाटी लावलेली: ‘गुडघे बदललेल्यांना कृपया हळू ढकलावे.’

एक गोष्ट मात्र कुठंच दिसत नव्हती, ती म्हणजे स्पीकरच्या भिंती. आवाजाचा कायदा कडक झाला आणि त्या गेल्या. आता प्रत्येकाच्या कानामागे एक श्रवणपाकळी चिकटवलेली असे, बोटाच्या पेराएवढी, कातडीच्या रंगाची. गिटार, ड्रम, गळा, सगळं स्टेजवरून थेट पाकळीत यायचं. पाकळी तुमचा कान ओळखायची. कुठला सूर ऐकू येतो, कुठला कायमचा गेलाय, हे ती महिनाभरात शिकायची आणि जिथं भोक असेल तिथं ठिगळ लावायची. या ठिगळाला कागदोपत्री ‘पूरकश्रवण’ म्हणत. चाळीस वर्षं स्पीकरसमोर उभं राहून कान जाळून घेतलेल्या पिढीला याहून मोठं वरदान काय हवं होतं? लोक नातवंडांची बोबडी बडबड ऐकू लागले आणि वर मेटलही.

मृणालच्या शेजारी अन्वर तांबोळी बसला होता. दोघं भोसरीच्या एकाच कारखान्यात नोकरीला लागले आणि एकाच वर्षी निवृत्त झाले. ती बेअरिंग तपासायची, तो पत्रा ठोकणाऱ्या यंत्रांच्या प्रेस शॉपमध्ये होता. त्यामुळे त्याचे कान तिच्या कितीतरी आधी गेले. पाकळी नसली तर अन्वरला जवळजवळ काहीच ऐकू येत नसे; पाकळीतून येई तेही बहुतेक ठिगळच. समोरच्याचे ओठ वाचून तो काम भागवी. ‘सुरुंग’ या बँडचा भोसरीच्या आसपासचा एकही कार्यक्रम त्यांनी चुकवला नव्हता. मृणालच्या साखरपुड्याच्या दिवशी कार्यक्रम आला, तेव्हा तिनं साखरपुडा पुढं ढकलला होता.

आज सुरुंगचा शेवटचा कार्यक्रम होता. गायक दत्ता गव्हाणे, एकेकाळचा मृणालच्याच कारखान्यातल्या फाउंड्रीतला हेल्पर, आता अडुसष्टचा, त्यानं गेल्याच आठवड्यात जाहीर केलं होतं की आता बास. कुणीतरी कारण विचारलं, तर म्हणाला, “लोकांना माझी गरज राहिली नाही.” हे वाक्य मृणालच्या जिव्हारी लागलं. गरज नाही म्हणजे काय? मग आम्ही मानेला पट्टा लावून, काठी टेकत कुणासाठी येतो? ती आज गाणी ऐकायला कमी आणि दत्ताला ठिकाणावर आणायला जास्त आली होती.

“दोन शब्द सुनावते त्याला,” ती म्हणाली. “माझं कसं ऐकत नाही ते बघते.”

“तुझं मशिनं ऐकायची,” अन्वर म्हणाला. “माणसांची गोष्ट वेगळी असते.”

स्टेजच्या मागे दत्ता एका पत्र्याच्या पेटीवर बसून बूट घालत होता. मृणालला बघून त्यानं हात जोडले. कारखान्याच्या दिवसांपासून तो तिला बाईच म्हणत आला होता.

“या, बेंद्रेबाई. मानेला काय केलंत?”

“मणका सरकलाय. महिनाभर डोकं हलवायचं नाही म्हणून डॉक्टरनं बजावलंय. तू विषय बदलू नकोस. हे थांबायचं खूळ कुठून काढलंस?”

दत्तानं बुटाची नाडी ओढली. “एक सांगा मला. ‘तिसरी पाळी’ गेली दोन वर्षं म्हणतोय ना मी, कसं वाटतंय?”

“कसं म्हणजे? पहिल्यासारखंच. एक सूर इकडचा तिकडं नाही.”

हे तिनं पैज लावावी अशा खात्रीनं सांगितलं. दत्ता तिच्याकडे बघत राहिला. ही तारीफ ऐकून त्याचा चेहरा का पडला, हे तिला कळेना. “आज जरा नीट ऐका,” एवढंच तो म्हणाला आणि दुसरा बूट उचलला. ती फणफणत परत आली. मी नीट ऐकत नाही म्हणतो, मी!

मानेचा पट्टा आणि काठी बघून स्वयंसेवकांनी दोघांना अगदी पुढं, स्टेजला खेटून खुर्च्या दिल्या. चाळीस वर्षांत मृणाल इतक्या पुढं कधी बसली नव्हती. तिची जागा मधल्या गर्दीत, खाली मान घालून डोकं घुसळणाऱ्यांत. सुरुंगची खरी माणसं तिथंच असतात, असं ती अभिमानानं सांगे. पहिली चार गाणी झकास झाली. तिच्या छातीत तोच जुना दणका बसत होता, अंगावर काटा येत होता, आणि तिचं दत्ताला सुनावायचं भाषण मनात तयार होत होतं.

पाचवं गाणं ‘तिसरी पाळी’. याची सुरुवात भोसरीतल्या पोरासोरांना पाठ. आधी ड्रमचा दुहेरी पायांचा गडगडाट, प्रेस मशीन चालू व्हावं तसा, आणि मग दत्ताची डरकाळी: ‘भोंगा झाला, चल तिसरी पाळी, लोखंड जागं, आम्ही जागे.’ गडगडाट सुरू झाला तशी दोन हजार डोकी खाली गेली. अन्वरचंही गेलं. मृणालचं तेवढं पट्ट्यामुळे ताठ राहिलं, आणि म्हणून या गाण्यात आयुष्यात पहिल्यांदाच तिचे डोळे उघडे होते.

ड्रमवाला हात मांडीवर ठेवून बसला होता. दोन्ही पाय जमिनीवर, गप्प. गिटारवाला खाली बघत कुठलीशी खुंटी पिळत होता. आणि तिच्या कानात ड्रम गडगडत होते, गिटार किंचाळत होती.

मशीन बंद आहे आणि बेअरिंग वाजतंय, असं काही मृणालनं पस्तीस वर्षांच्या नोकरीत पाहिलं नव्हतं. पण शंका आली की काय करायचं, हे हाडात मुरलेलं होतं. कानावर विसंबायचं नाही, दांडा लावायचा. तपासणीतली माणसं लोखंडी दांड्याचं एक टोक मशीनला आणि दुसरं कानामागच्या हाडाला टेकवतात. हवेतून येणारा बाकी कारखान्याचा कालवा मग आड येत नाही. तिनं पाकळी काढून खिशात टाकली. काठीचं रबरी बूच उपटलं, टोक कठड्यातून स्टेजच्या फळीवर रोवलं आणि मूठ कानामागे दाबली.

दत्ता स्वतः पाकळी लावत नसे. त्याच्या पायाशी जुन्या पद्धतीचा एक छोटा स्पीकर होता, थेट फळीवर ठेवलेला. त्यातून, फळीतून, काठीतून एक आवाज तिच्या हाडापर्यंत आला. फाटका, सावकाश, मध्येच दम घेणारा. ड्रम नाही, गिटार नाही. नुसता गळा.

‘भोंगा गेला, कुणाची पाळी,
लोखंड गार, आम्ही जागे.
अकराच्या ठोक्याला डोळा उघडतो,
बायको म्हणते, निजा, कुठं जायचंय?’

मृणालनं मूठ आणखी घट्ट दाबली. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी तिचाही डोळा रोज भोंग्याच्या वेळेला उघडत होता, आणि हे तिनं कुणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं. या माणसानं ते गाण्यात म्हटलं होतं. कितीदा म्हटलं होतं?

मग ड्रमवाल्यानं हात उचलले, गिटार आली, गाणं वर चढलं. शेवटी रिवाजाप्रमाणे दत्तानं माइक लोकांकडे वळवला. दोन हजार गळे एका दमात ओरडले, “लोखंड जागं, आम्ही जागे!” दत्तानं मान डोलावली, लहान पोराचं चुकलेलं पाढ्याचं उत्तर ऐकून घ्यावं तशी, आणि माइक परत घेतला.

गोळ्या घेण्यासाठी वीस मिनिटांचं मध्यंतर झालं. मृणाल काठी आपटत थेट ध्वनिनियंत्रणाच्या टेबलापाशी गेली. तिथं ओवी नावाची तिशीतली बाई बसायची. सुरुंगचा आवाज गेली पाच वर्षं तीच सांभाळत होती.

“माझी पाकळी बिघडली आहे,” मृणाल म्हणाली. “न वाजवलेलं ऐकवते.”

ओवीनं पाकळी यंत्रावर ठेवली, आकडे पाहिले आणि मान हलवली. “बिघडलेली नाही, काकू. तिला जे शिकवलंय तेच करतेय. जिथं तुमच्या कानाला ऐकू येत नाही, तिथं ती अंदाजानं भरते. अंदाज कशावरून? तुम्ही आधी काय ऐकलंय त्यावरून. कान जितका गेलेला आणि गाणं जितकं पाठ, तितकी भर जास्त. तुमच्या बाबतीत या गाण्यात शंभरातले ब्याण्णव भाग तिचे.”

“म्हणजे दोन वर्षं मी काय ऐकत होते?”

“तुमची आठवण. अगदी स्वच्छ.”

“आणि ज्याला गाणं पाठ नाही, त्याला?”

“त्याला खरं ऐकू येतं. पण असा माणूस चार वाजता इथं कशाला येईल?”

मृणालला शरम वाटली. चांगली, घाम फोडणारी शरम. दत्ताचा सगळ्यात पक्का श्रोता कोण, असं कुणी विचारलं असतं तर ती छातीवर हात ठेवून पुढं झाली असती; आणि सगळ्यात बहिरी तीच निघाली.

दत्ता स्टेजच्या पायरीवर पाणी पीत होता. ती त्याच्यासमोर उभी राहिली. “कुणाची पाळी,” ती म्हणाली. “लोखंड गार.”

त्यानं बाटली खाली ठेवली.

“सांगितलं का नाहीस आम्हाला?”

“सांगलीत सांगितलं होतं. म्हटलं, शब्द बदललेत, चाल बदललीय. टाळ्या पडल्या आन् परत जुनंच म्हणाले सगळे. मला वाटलं, नवं आवडलं नसंल, म्हणून मुद्दाम करत्यात. गेल्या महिन्यात ओवीनं खरं काय ते सांगितलं.”

“मग भर बंद करायला सांगायचंस.”

“कशापायी, बाई? त्यांच्या कानात मी अजून तिशीचा हाय. दम लागत नाही, गळा फाटत नाही. ते सुख काढून घेऊन हा चिंध्या झालेला आवाज ऐकवू? त्यांना पायजे ते त्यांच्यापाशी हाय. त्याच्यासाठी मी उभा राह्यची गरज नाही, एवढंच म्हणलो मी.”

तयार केलेलं भाषण मृणालच्या काही कामाचं उरलं नाही. पण माघार घेणं तिच्या स्वभावात नव्हतं. “पुन्हा म्हण,” ती म्हणाली. “मध्यंतर संपलं की पहिलं तेच. मी लोकांना खरं काय ते सांगते. ज्याला बंद करायचं तो करेल.”

“आन् कुणीच नाही केलं तर?”

“तर जा घरी. मी अडवणार नाही.”

दत्ता पायरीवरून उठला. मग त्यानं माइक तिच्या हातात दिला.

पस्तीस वर्षं साहेबांना ‘हे मशीन आजच्या आज बंद करा’ असं तोंडावर सांगणाऱ्या बाईला दोन हजार लोकांची भीती वाटली नाही. तिनं जे पाहिलं ते सांगितलं, ड्रमवाल्याच्या मांडीवरच्या हातांसकट. मांडवात कुजबुज झाली, कुणी हसलं, कुणी म्हणालं, शक्यच नाही. “शक्य आहे की नाही ते तुमचं तुम्ही बघा,” ती म्हणाली. “गाणं एकदाच होणार आहे.” ओवीनं टेबलावरून पाकळीला जोडलेल्या, सगळ्यांच्या मनगटावरच्या पट्टीवर प्रश्न पाठवला: ‘पूरकश्रवण थांबवायचे? हो / नाही.’

मृणालनं पाकळी पुन्हा लावली, ‘हो’ दाबलं आणि खुर्चीवर येऊन बसली. अन्वरचं बोट पट्टीवर अधांतरी थांबलं होतं.

“मला माझं गाणं ऐकू येतंय, मृणाल,” तो म्हणाला. “ते थांबवलं तर माझ्याकडं काय राहणार?”

“माहीत नाही.”

“नवीन चांगलं आहे का? जुन्याइतकं?”

तिला खोटं बोलता आलं असतं. दत्तासाठी तर बोलावंसंही वाटलं.

“नाही,” ती म्हणाली. “गळा फाटलाय. तिसऱ्या ओळीला दम पुरत नाही. पण गाणं आपलं आहे. तुझं आणि माझं, आत्ताचं.”

अन्वरनं तिच्या ओठांकडे बघत सगळं ऐकलं. मग डोळे मिटून त्यानं ‘हो’ दाबलं.

दत्ता माइक तोंडाशी घट्ट धरून उभा राहिला. त्याची दाढी आणि मूठ यांत ओठ दिसत नव्हते. ड्रमवाल्याचे हात मांडीवर होते. मृणालच्या कानात तो फाटका आवाज आला, थरथरत, कडेनं झिजलेला. तिनं वळून पाहिलं. मांडवात बरीच डोकी सवयीनं खाली जाऊन गदागदा हलत होती. पण मधूनमधून काही ताठ होती. एक टकला माणूस तोंडावर हात ठेवून बसला होता. मागच्या रांगेत दोन बाया एकमेकींकडे बघत उभ्या राहिल्या होत्या. दत्तानं त्या ताठ डोक्यांवरून एकेक करत नजर फिरवली आणि तिसऱ्या ओळीला त्याला दम पुरला.

अन्वर अंग पुढं टाकून, स्टेजवर नजर लावून वाट बघत होता. चौथी ओळ लागली, तेव्हा त्यानं मृणालच्या कोपराला हात लावला.

“सुरू झालं का गं?” त्यानं विचारलं.