अखंड चाललेला आवाज

दुपारचा दीड. सिरेत नदीकाठचं जिल्हा रुग्णालय, दुसऱ्या मजल्यावरचं शस्त्रक्रियागृह. टेबलावर गाव्रिल नावाचा लाकूडतोड्या. ट्रॅक्टरवरून पडून त्याची प्लीहा फुटली होती. ती काढत होती इलिंका, शिकाऊ सर्जन, आदल्या सकाळपासून पाठ न टेकलेली. मोठे सर्जन मोकानू घरी होते. बोलावलं तर येतो, म्हणजे हजरच, असा तिथला हिशोब.

मोकानूंनी शिकाऊंना एक शिस्त लावली होती. हात जे करील ते तोंडाने बोलायचं. आवाज थांबला की शिकाऊ उभ्याउभ्या झोपला समजायचं आणि परिचारिकेने त्याच्या पायावर पाय द्यायचा. दमलेल्याला घरी पाठवावं, हे मात्र त्यांना कधी सुचलं नाही.

"चिमटा लावतेय," इलिंका म्हणत होती. "बांधतेय. कापतेय." मानेवर दिव्यांची ऊब होती, नाकात जळक्या चरबीचा वास. मग वास गेला. दिवेही गेले.

ती जागी झाली तेव्हा आवाज चालूच होता. "बांधतेय... कापतेय..." आवाज तिचाच. पण मास्कखाली तिचे ओठ कोरडे पडून एकमेकांना चिकटले होते. हात त्या आवाजामागून मुकाट चालले होते. "कापतेय," आवाज म्हणाला, आणि कात्री न बांधलेल्या धमनीवर टेकली.

इलिंकाने जीभ करकचून चावली, तेव्हा कुठे हात थबकले. "थांबा..."

म्हातारी परिचारिका सावेता चमकली. "अगं, आत्ताच तर कापतेय म्हणालीस."

"मी झोपले होते, मावशी."

"झोपलेलं माणूस एवढं बोलतं होय? माझा पाय तयारच होता. तू गप्प झालीसच नाहीस."

धमनी बांधली गेली. गाव्रिल वाचला.

इलिंकाने मोकानूंना फोन लावून सुट्टी मागितली. ते हसले. बोलत होतीस म्हणजे जागी होतीस, म्हणाले. चारला अपेंडिक्स आहे, तोवर पड जरा.

"माझ्या हातून कुणीतरी मरेल, सर."

"एवढी नाजूक आहेस तर फुलांचं दुकान काढ."

ती विश्रांतीच्या खोलीत गेली. आतून कडी लावली, कपाट ओढून दाराला टेकवलं. आज आपला हात कुणाला लागता कामा नये, एवढंच तिच्या मनात होतं. अंगावर गाव्रिलच्या रक्ताने माखलेले कपडे तसेच होते. पडल्यापडल्या तिला झोप लागली.

चार वाजता टेबलावर रोडिका होती, बालवाडीतली तरुण शिक्षिका. डॉक्टरीणबाई आल्या, टोपी आणि मास्कमधून दिसत होते फक्त डोळे, तेही अर्धे मिटलेले. सावेताने पाय पुढे सरकवून ठेवला. दाबायची वेळच आली नाही. आवाज अखंड चालला होता. "कापतेय... कापतेय... कापतेय..."

रोडिका टेबलावरच गेली.

डॉक्टरीणबाई बाहेर पडल्या. सावेता मागोमाग विश्रांतीच्या खोलीपाशी पोचली, तर दार आतून बंद. तीन पहारेकऱ्यांनी खांदे लावून कडी तोडली, कपाट ढकललं. आत इलिंका गाढ झोपलेली होती.

चौकशी समितीने तिला दोषी ठरवलं. टेबलाशी आवाज तिचाच होता, असं सावेता आणि भूलतज्ज्ञ शपथेवर सांगतात. कडी आतूनच होती, असं तिघे पहारेकरी शपथेवर सांगतात. मोकानू आता रुग्णालयाचे संचालक आहेत. रोडिकाच्या पोटावर कात्री कुणी चालवली, हे समितीने आजवर कुणालाही विचारलेलं नाही.