विओलेताच्या तोंडून

अन्सेल्मोचा पहिला सिनेमा सपशेल पडला, तेव्हा मनिलातल्या त्या थिएटरात दोनच माणसं उरली होती. एक तो स्वतः, आणि दुसरी उकाड्याला वैतागून पंख्याखाली बसायला आलेली नीवेस.

"ही बाई प्रेम करतेय की मासळी विकतेय?" पडद्याकडे बघत ती मोठ्यांदा म्हणाली.

मागून आवाज आला, "मग तू म्हणून दाखव."

तिनं म्हणून दाखवलं... आणि ती तिथेच अडकली. तेव्हापासून त्याच्या प्रत्येक शूटिंगला आडोशाला बसून नटनट्यांना वाक्यं सांगायचं काम तिचं. आवाज नंतर स्टुडिओत भरायचे, त्यामुळे पाठांतराच्या भानगडीत कुणी पडायचं नाही. नीवेस सांगायची, नट म्हणायचे.

आता अन्सेल्मोचं नाव झालं होतं. बक्षिसं, मासिकांत फोटो, परदेशातल्या महोत्सवाचं बोलावणं. डिरेक्टर म्हणून सगळे त्याला 'दिरेक' म्हणत. चारचौघांत नीवेसही म्हणे, आणि अहोजाहो करी.

परवाच मासिकात छापून आलं होतं, दिरेक महोत्सवाला आपली नायिका विओलेता हिला नेणार आणि परतताना जोडीनंच येणार. नीवेसचा नुसता जळफळाट झाला. त्यातून विओलेता देखणी तर होतीच, पण स्वभावानंही गोड. तिच्याशी धड वैरही धरता येईना!

त्या दिवशी एका अंगणात प्रेमाचा प्रसंग होता. नायक दुसऱ्याच सिनेमाच्या सेटवर अडकलेला.

"त्याची पाठच दिसणार आहे ना? मी उभा राहतो," दिरेक म्हणाला.

विओलेता समोर उभी राहिली. नीवेस तिच्या पायाशी, रांजणाआड बसली. तेवढ्यात दिरेकनं आपल्या हातानं विओलेताच्या केसांत साम्पागिताचा गजरा माळला. प्रसंगात गजरा नव्हताच! नीवेसच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

कॅमेरा सुरू झाला.

"मी तुमची वाट पाहीन," नीवेसनं सांगितलं.

"मी तुमची वाट पाहीन," विओलेता लाजून म्हणाली.

दिरेकनं तिची हनुवटी उचलली. हळूच... जरा जास्तच हळूच.

"खोटारडा मेला," नीवेस दातओठ खात पुटपुटली.

"खोटारडा मेला," विओलेता डोळ्यांत पाणी आणून म्हणाली. कानावर पडेल ते म्हणायची तिला सवयच होती.

दिरेक दचकला, पण 'कट' म्हणाला नाही. नीवेसनं तिथे थांबायला हवं होतं. पण आता तिला राहवेना.

"दर रविवारी माझ्या आईच्या हातचं पान्सित ओरपायचं, आणि गजरे मात्र हिला!"

विओलेतानं तेही म्हटलं, ओठ थरथरवत. 'हिला' म्हणताना स्वतःकडेच बोट केलं. कॅमेरामन तोंडात रुमाल कोंबून हसू लागला.

"विमानात ती, आणि रांजणाआड मी!"

"विमानात ती, आणि रांजणाआड मी!" विओलेताला आता खरंच रडू यायला लागलं होतं.

दिरेकनं खाली पाहिलं, थेट रांजणाकडे.

"विमानात कोण बसणार, हे मासिकवाल्यांनी परस्पर ठरवलं. मला विचारलंय कुणी?"

"मग तू तरी मला कुठं विचारलंस?" अहोजाहो कधीच गळून पडलं होतं.

विओलेतानं प्रश्न तसाच त्याच्यापुढे ठेवला.

"आता विचारतो," तो म्हणाला. "नीवेस, या रविवारी माझ्या आईवडिलांना घेऊन तुझ्या घरी येतो. रीतसर मागणी घालायला... येऊ?"

सगळ्यांना वाक्यं पुरवणाऱ्या नीवेसला शब्दच सुचेना. डोळे मात्र भरून आले.

"अगं, पुढचं सांग ना," विओलेता ओठ न हलवता कुजबुजली.

"ये," नीवेस म्हणाली.

"ये," विओलेता मान वेळावून, अगदी जीव ओतून म्हणाली.

नीवेस ताडकन उठली, ती थेट कॅमेऱ्यासमोर.

"ए बाई, तू नको म्हणूस! हे माझं आहे!"