भरतीरेषेच्या वर

निवृत्त मास्तराने काय करावं याबद्दल बेटावरच्या प्रत्येकाचं काही ना काही मत होतं. टॅमसचं म्हणणं, मी मेंढ्या पाळाव्यात. निदान त्या तरी ऐकतील. टॅमस माझा जुना विद्यार्थी आणि आताचा शेजारी. भागाकार त्याला कधीच आला नाही, जीभ मात्र चांगली चालते. मी मेंढ्या घेतल्या नाहीत, रंग घेतले. रोज न्याहारी झाली की किनाऱ्यावर जायचं, समुद्राने टाकलेल्या फळ्या आणायच्या, खोपटात वाळवायच्या आणि होड्यांना लावून उरलेल्या रंगाने त्यांवर पक्षी काढायचे. माझी बायको ओस्ला म्हणते, माझे सगळे पक्षी शाळा तपासायला आलेल्या साहेबांसारखे दिसतात. दिसतात खरे. पाय तर मला जमतच नाहीत. पण त्यांच्या तोंडावरचा तो आव मला आवडतो.

फळ्यांखेरीज मी मासेमारीची जाळी तरंगत ठेवणारे काचेचे गोळे आणतो, परक्या भाषेतली अक्षरं असलेल्या बाटल्या आणतो, जोडी हरवलेले बूट आणतो. खोपटात आता पाय ठेवायला जागा नाही. गेल्या शरदात आमचा मुलगा एर्लेंड खेकडे धरायला गेला. होडी सापडली, तो सापडला नाही. तेव्हापासून मी फळ्यांसाठीच किनाऱ्यावर जातो असं सगळ्यांना सांगतो, आणि सगळे ते मान्य करतात.

त्याची बायको इंगा आणि मुलगी मेरन आता आमच्याकडेच राहतात. इंगा धक्क्यावर कामाला जाते. मेरन पाच वर्षांची आहे. ती खोपटात माझ्याजवळ बसते आणि माझ्या पक्ष्यांना पाय काढून देते. हे दिवस वाईट नाहीत. मला रडू आलेलं नाही. दात काढण्याआधी डॉक्टर हिरडीत सुई देतात, तसं काहीतरी माझ्या सगळ्या अंगाला झालंय, आणि त्यात मी बरा आहे.

किनाऱ्याचा आमच्याकडे एक नियम आहे. समुद्राने टाकलेली वस्तू ज्याला आधी दिसेल त्याने ती भरतीच्या रेषेच्या वर, वाळक्या शेवाळाच्या पट्ट्यापलीकडे ओढायची आणि तिच्यावर एक दगड ठेवायचा. मग ती त्याची. घरी न्यायला त्याला महिना लागो, दुसरा कोणी हात लावत नाही. बेटावर एकमेकांच्या बायका पळवल्याच्या गोष्टी आहेत, पण दगड ठेवलेली फळी पळवल्याची एकही नाही.

फेब्रुवारीत माझ्या आधी कोणीतरी किनाऱ्यावर येऊ लागलं. चांगल्या फळ्या वर ओढलेल्या असायच्या, प्रत्येकीवर दगड. वारा कोरडा होता, फळ्या वाळून पांढऱ्या पडलेल्या, आणि दगड मात्र ओले. पावलं कुठेच दिसत नव्हती. वारा वाळू सपाट करतो, हे मी वर्षानुवर्षं मुलांना शिकवलं आहे, त्यामुळे पावलांचं मी मनावर घेतलं नाही. टॅमसला विचारलं, तर तो म्हणाला की इतक्या सकाळी तो स्वतःच्या लग्नालाही उठला नव्हता. बाकीच्यांनीही कानावर हात ठेवले.

मग एका सकाळी बूट दिसला. टाच झिजली म्हणून मीच तिला टायरचा तुकडा लावून दिला होता, त्यामुळे ओळखायला वेळ लागला नाही. एर्लेंडचा उजव्या पायाचा बूट. रेषेच्या वर होता. त्यावर दगड होता.

हात पुढे करावासा वाटला, पण केला नाही. घरी येऊन ओस्लाला सांगितलं. ती कणीक मळत होती.

"दगड होता?" तिने विचारलं.

"होता."

"मग ज्याचा आहे त्यानेच ठेवला असेल," ती म्हणाली आणि मळत राहिली.

इंगा कामावरून आली तेव्हा हे ऐकून चिडली. तिच्या नवऱ्याचा बूट, आणि आम्ही दोघं म्हातारे दगडाला भिऊन बसलोय, असं तिने आम्हाला बरंच सुनावलं. दुसऱ्या दिवशी ती माझ्याबरोबर आली. बूट नव्हता. ती तशीच धक्क्यावर कामाला गेली. नंतर तिने तो विषय काढला नाही.

त्यानंतर समुद्राने न टाकलेल्या वस्तू दिसू लागल्या. आधी एर्लेंडचा चहाचा मग, जो आमच्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेला असायचा. मग मेरनने पाय काढलेला माझा एक पक्षी. तो खोपटात, रंग वाळायला ठेवलेला होता. फळी उताणी, पक्ष्याच्या पोटावर दगड. आमच्या घरी दारांना कुलपं नाहीत, कोणीही आत येऊ शकतं, असं मी स्वतःला समजावलं. पण या बेटावर कोणीही म्हणजे कोण, हे मला ठाऊक आहे. त्या प्रत्येकाला मी पाढे शिकवले आहेत.

मार्चमध्ये वाळत घातलेला मेरनचा तांबडा हातमोजा तिथे होता. मोजा चिमुकला आणि त्यावरचा दगड चांगला मोठा.

मी त्याला हात लावला नाही. सरळ घरी आलो. मेरन टेबलाशी बसून लापशी खात होती. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला तर ती म्हणाली, "आजोबा, तुझा हात गार आहे."

त्या दिवशी मी शांतपणे विचार केला. नियम सगळ्यांना सारखा असतो, नाहीतर तो नियम कसला? जो कोणी दगड ठेवत होता तो नियम पाळत होता, म्हणजे मीही त्याच नियमाने चालू शकत होतो. आधी माझा दगड ठेवला की वस्तू माझी. मी तीन गुळगुळीत गोटे आणले आणि माझे आहेत हे कळावं म्हणून प्रत्येकावर एकेक पक्षी काढला. एक मेरनच्या कोटाच्या खिशात घातला आणि तो कधी काढायचा नाही असं तिला बजावलं. तिला हा खेळ आवडला. दुसरा इंगाच्या कामाच्या जॅकेटमध्ये, तिला न सांगता. तिसरा ओस्लाच्या उशीखाली ठेवला. तिने तो काढून खिडकीत ठेवून दिला.

"असू दे ना उशीखाली," मी म्हणालो.

"तो मला न्यायला आला तर मी काय नाही म्हणणार आहे?" ती म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. मला तिचा राग आला, आणि राग आला याचंच नवल वाटलं.

पण उपाय लागू पडला. किनारा मोकळा झाला. फळ्या जिथे समुद्राने टाकल्या तिथेच पडलेल्या असायच्या, आणि मी पूर्वीसारखा त्या वर ओढू लागलो. वसंत आला. मेरन पक्ष्यांना चोचीही काढू लागली, त्यामुळे साहेब जरा प्रेमळ दिसू लागले. इंगा एकदा जेवताना हसली. रविवारी ओस्लाने बार्लीची भाकरी आणि सुकवलेलं मटण केलं. हे एवढंच मला हवं होतं, आणि ते माझ्या दगडांनी धरून ठेवलं होतं.

मे महिन्यात म्हातारी बेबी गेली. फळ्या गोळा करण्यात माझ्याही वरचढ होती. तिला पुरलं त्याच्या दुसऱ्या दिवशी लोक तिच्या राशी उचलून न्यायला लागले. त्यात गैर काही नाही, रीतच तशी आहे. टॅमस एक लांब फळी खांद्यावर घेऊन माझ्या खोपटावरून चालला होता.

"दगड तिचा आहे त्यावर," मी म्हणालो.

"ती होती तोवर, मास्तर. आता नुसता धोंडा तो." मग डोळा मिचकावून म्हणाला, "तुमच्यातल्या चांगल्या फळ्या आत्ताच दाखवून ठेवा. मागाहून शोधत बसायला नको."

मीही हसलो. तो गेल्यावर दारातच उभा राहिलो. घराच्या मागे मेरन एकटी खेळत होती, तिचा कोट मला तिथून दिसत होता.

जेवणाच्या सुमारास ती खोपटात आली. एक हात मागे लपवलेला.

"हा तुझ्यासाठी," ती म्हणाली.

काळा गोटा. ओला.

"तुझा कुठे आहे?"

तिने खिशातून काढून दाखवला. माझा पक्षी, कोरडा, जिथल्या तिथे.

"मग हा कोणी दिला?"

"तू ओळखतोस म्हणाले."

"कुठे आहेत ते?"

तिने मागे वळून पाहिलं, मग खांदे उडवले.

"तुला काही दिलं नाही?"

मेरनने थोडा विचार केला. "मला नंतर," ती म्हणाली. "आधी आजोबा."

तेव्हा मला भीती वाटली. सगळ्या अंगातली ती सुई एकदम उतरली. भीती माझ्यासाठी नव्हती. मी नसलो की तिच्या खिशात एक रंगवलेला धोंडा उरणार होता, दुसरं काही नाही.

मी तिला घरात पाठवलं. गोटा फडक्याने पुसला आणि ब्रश घेतला. त्यावर माझा पक्षी काढला की तो माझा. मग मीही माझा.

रंग धरेना. पाण्याच्या थेंबांसोबत खाली ओघळून गेला.

पुन्हा पुसला. पुन्हा ओला.

मग शेगडी पेटवली आणि गोटा तिच्यावर ठेवला. लाकूड घालत गेलो. लोखंड लाल झालं. खोपट इतकं तापलं की जुन्या फळ्यांवरचा रंग मऊ पडून चिकटू लागला. गोटा काळाभोर, चकाकत बसला होता. वाफसुद्धा येत नव्हती.

जेवायला आलो नाही म्हणून ओस्ला बोलवायला आली. दारातूनच तिने पाहिलं. मी काही सांगायच्या आत ती शेगडीशी गेली आणि गोट्यावर तळवा टेकवला. मी तिचं मनगट धरलं, पण तिने हात काढला नाही. किती वेळ ठेवून उभी होती कोण जाणे.

"गार आहे," ती म्हणाली. मग ओला तळवा एप्रनला पुसला, आणि मेरनचे हात धुवायला घरात गेली.