आई, रेडिओ बारीक कर

ते मोबाइल खाली ठेवा बघू आधी. आणि मध्येच कुणी खिदळायचं नाही. ज्याच्यावर बेतलं तो माझ्या रोजच्या उठण्याबसण्यातला माणूस, त्यामुळे तिखटमीठ लावायची मला गरजच नाही.

फ्रिज दुरुस्त करायचा तो. सगळे त्याला गॅसवाला म्हणायचे, कारण कुणाचाही फ्रिज उघडला की पहिलं वाक्य ठरलेलं, "गॅस गेलाय."

वाचनालयाच्या गच्चीवर ती खोली आहे ना, भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेली? तेच आपल्या वस्तीचं रेडिओ केंद्र. ताकद एखाद्या मोठ्या बल्बाएवढी. पुलापर्यंत ऐकू येणार, पुढे नुसती खरखर. कार्यक्रमांना ना शेंडा ना बुडखा. कुणीही यावं, वाट्टेल ते लावावं. एका बाईंनी तर अख्खा तास कुकरच्या शिट्ट्या ऐकवल्या, आणि लोकांनी ऐकल्या! नियम एकच, दुसरा आल्याशिवाय माइकसमोरून उठायचं नाही.

शनिवारची रात्र गॅसवाल्याची. गाणी लावायचा, मधूनमधून फ्रिजच्या तक्रारी घ्यायचा. आणि घरून त्याची आई फोन करायची, सगळ्यांसमक्ष त्याला झापायला. "जेवलास का रे? आणि ते रडकं गाणं काढ आधी." तिचा फोन म्हणजे हमखास गोंधळ. स्वतःचा रेडिओ ती मोठाच ठेवायची. मग हा जे बोलायचा ते तिच्या रेडिओतून फिरून, जरा मागून, फोनमधून याच्याच कानात यायचं. हा ओरडायचा, "आई, रेडिओ बारीक कर!" आम्ही घरोघरी पोट धरून हसायचो.

मार्चमधला तिसरा शनिवार होता. सव्वाअकरा वाजून गेले होते आणि आईचा फोन आलेला नव्हता. एरवी ती पहिल्या गाण्यालाच करायची. घरात दोघंच, मायलेक. तिचं ब्लडप्रेशर हे असं, सारखं वरखाली. त्याने घरी फोन लावून पाहिला. वाजून वाजून बंद झाला. त्याचं कशात लक्ष लागेना. एकच गाणं दोनदा लावलं. पुढचा कार्यक्रम कंपाउंडरचा, तो येणार बाराला. तोवर खुर्ची सोडता येईना. झोपली असेल, असं स्वतःला बजावत बसला.

मग फोन वाजला. घरचाच नंबर. जीव भांड्यात पडला त्याचा.

पलीकडे कुणी बोलेना. मागे रेडिओ तेवढा चालू होता. त्यातून त्याचाच आवाज आला, "आई, रेडिओ बारीक कर."

हा म्हणाला, "आई, रेडिओ बारी..."

थांबला.

रेडिओ त्याच्या आधी बोलला होता.

आता बोलायचंच नाही, त्याने ठरवलं. ओठ घट्ट मिटून घेतले. माइकवर नुसती शांतता...

रेडिओ बोलतच होता. त्याच्याच आवाजात.

"आई... दार उघड."

ठक. ठक. ठक.

"आई, डोळे उघड ना गं..."

आणि मग रडणं. मोठ्या माणसाचं. तोंडात शर्ट कोंबून रडावं तसं...

नियम गेला खड्ड्यात. तो पळाला. आम्हाला सगळं ऐकू आलं. खुर्ची पडली. जिन्यावर पावलं वाजली. मग काही नाही. माइक चालूच... रिकामी खोली ऐकत बसलो आम्ही. रेडिओ बंद करायला माझा हात धजेना.

घराला आतून कडी होती.

"आई, दार उघड." तोंडातून निघून गेलं. खांद्याने धडका देऊन दार पाडलं.

न्हाणीघरात नळ वाहत होता. आई तिथे नव्हती. कॉटवर होती. पांघरूण गळ्यापर्यंत. केस ओले. कपाळावर खोक.

"आई, डोळे उघड ना गं..."

पुढचं त्याला ठाऊक होतं. ओठ चावून उभा राहिला. रडला नाही.

तिने डोळे उघडले.

दवाखान्यात सकाळी तिला चांगली शुद्ध आली. त्याने विचारलं, "आई, फोन कसा केलास तू?"

"कसला फोन? न्हाणीत घसरून पडले होते मी. उठताच येईना. तू आलास, उचललंस, निजवलंस." मग याचा हात धरून म्हणाली, "पण किती रडत होतास रे वेड्यासारखा. मी मेल्यासारखा."



म्हातारी आज ठणठणीत आहे. शनिवारी फोनही करते. हा मात्र पहिल्यासारखा राहिला नाही. मागच्या महिन्यात सख्खा मामा गेला, तरी डोळ्यातून टिपूस काढलं नाही त्याने. मला म्हणाला, "ते रडणं माझंच होतं. अजून व्हायचंय."

तिच्या दंडावर एक वळ आहे. चार बोटं, एक अंगठा. काळानिळा. डॉक्टर म्हणाले होते, आठवड्यात जाईल. दोन वर्षं झाली. माझ्यादेखत त्याने त्यावर आपला हात ठेवून पाहिला.

बोट न् बोट जुळलं.