शनिवारची चूल

"माझ्या बायकोला कुणी मारलं, तेवढं सांगा," हडसन म्हणाला. कडेवर वर्षभराची पोर होती.

शनिवारी दुपारी घरामागच्या दगडभट्टीत, जमिनीतल्या चुलीत, महायुद्धातला तोफगोळा फुटला आणि डोरीन गेली. पोलिसांनी ‘अपघात’ लिहून हात झटकले. हडसनने बोलावलेली सेलिना मात्र स्फोटाच्या खड्ड्यात उतरून बसली होती. पोलिसात असताना तिने वीस वर्षं असलेच गोळे निकामी केले होते.

"ग्वाडलकनाल बेटाच्या मातीत असे हजारो आहेत, बाई," तिचा मदतनीस फ्रेड कंटाळून म्हणाला. "यात शोधायचं काय?"

"तांबड्या वाटेवर हे काळ्या चिखलाचे डाग कसले? हडसन, भट्टी किती जुनी?"

"आजीपासूनची. दर शुक्रवारी रताळी भाजतो. त्या शुक्रवारीही भाजली."

गावाचा संशय सायलसवर होता. तो गोळ्यांतली दारू काढून मासे मारायचा.

"भरलेला गोळा मी पुरीन? महिन्याची मासळी आहे त्यात!" सायलस उसळला. "आणि डोरीन शनिवारी चूल पेटवायची, हे मला ठाऊक होतं. पोरीला गरम पेज लागायची. मलाही चहा द्यायची बिचारी, सासऱ्याला चोरून."

सासरा जोथम गावच्या, शनिवार पाळणाऱ्या चर्चचा प्रमुख. "शनिवार देवाचा. सूर्य मावळेपर्यंत गावात विस्तव नाही," तो म्हणाला. "गोळे काढायला मदत देणारे परदेशी तपासणीवाले त्याच सकाळी यायचे होते. त्यांची होडी बंद पडली."

"दलदलीतल्या गोळ्यांसाठी?" सेलिनाने विचारलं.

"तीन अर्ज केले! त्या परदेशी कायद्यात मदत फक्त राहत्या जागेला. पोरं तिथं खेकडे धरतात, ते राहणं नव्हे म्हणे!"

संध्याकाळी सेलिनाने सगळ्यांना ओसरीवर बसवलं.

"गोळा भट्टीत आधीपासून असता तर शुक्रवारीच फुटला असता. म्हणजे तो शुक्रवारनंतर आला; आणि वाटेवरचा काळा चिखल सांगतो, दलदलीतून आला. आणणाऱ्याला तो फुटायला नको होता, नुसता सापडायला हवा होता; तोही राहत्या जागेत, शनिवारी सकाळी. त्या दिवशी चूल पेटणारच नाही, असा भरवसा सायलसला नव्हता. हडसनलाही नव्हता, पेज त्याचीच पोर खायची. तो भरवसा तुम्हालाच होता, जोथमबाबा."

जोथमने मान खाली घातली. "मी तिला मुलगी म्हणायचो," तो पुटपुटला. मग खिशातून कागद काढला. "आज आलाय. राहत्या जागेत अपघात झाला म्हणून गाव मदतीच्या यादीत घेतलं. गोळा मी आणला असं लिहिलंत, तर नाव कटेल. दलदलीत अजून अठरा आहेत."

फ्रेडला कायद्याची चीड आली आणि म्हाताऱ्याची त्याहून जास्त.

सेलिनाने वही हडसनपुढे धरली. हडसनने बापाकडे बघत ती मिटली.

"आत्ता लिहू नका," तो म्हणाला. "त्या कायद्याची अट डोरीननं जीव देऊन पुरी केलीय. अठरा निघू देत. मग एकोणिसावा, हा माझा बाप, मी स्वतः चौकीत नेतो."

आणि पोर कडेवर घेऊन तो ओसरीवरून उतरला.