तळेघरची वाटी

निवृत्तीनंतर कुठे राहायचं या एका विषयावर आमच्या घरात जेवढी भांडणं झाली, तेवढी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातही झाली नव्हती. बडनेऱ्याचा उन्हाळा कुंदाला सोसेनासा झाला होता, हे मला मान्य होतं. मुलगी श्रेया पुण्याजवळ मोशीत राहते, तिच्या हाकेच्या अंतरावर असावं, हेही मान्य. पण मोशीतल्या उंच इमारतीत बसून समोरच्या उंच इमारतीत वाळत घातलेले कपडे बघत म्हातारं व्हायचं, हे काही मला मान्य नव्हतं. शेवटी तडजोड निघाली. जुन्नर-आंबेगावच्या बाजूला एखादं बैठं घर भाड्याने घ्यायचं. हवा बरी, पाणी बरं, श्रेयाला सुट्टीच्या दिवशी येता येईल. बडनेऱ्याचं घर विकून झालं होतं आणि संक्रांतीपर्यंत रिकामं करून द्यायचं होतं. म्हणजे मागे फिरायचा रस्ता आम्हीच बंद करून बसलो होतो.

मी रेल्वेच्या सिग्नल विभागात आयुष्य काढलं. आमच्याकडे शिस्त होती: काही विपरीत दिसलं की आधी यंत्र तपासायचं, मग तारा, मग माणूस, आणि दैवाचं नाव काढायचंच नाही. कुंदा म्हणते, मी घरातल्या दुधालासुद्धा सिग्नल दिल्याशिवाय उतू जाऊ देणार नाही. हे साफ खोटं आहे. दुधाशी माझा कधी संबंधच आला नाही. स्वयंपाकघरात मी पाणी प्यायला जातो, तेवढंच.

दिवाळीनंतर आम्ही श्रेयाकडे उतरलो आणि तिथून घरं बघायला लागलो. भरत नावाचा नारायणगावचा एजंट होता, बोलका, गाडी जपून चालवणारा. आधी त्याने आम्हाला खोडदला नेलं. द्राक्षबागांच्या पलीकडे दुर्बिणीच्या अवाढव्य तबकड्या आभाळाकडे तोंड करून उभ्या होत्या. घर छान होतं, पण जिना उभा होता आणि कुंदाचे गुडघे जिन्याकडे बघूनच दुखायला लागतात. शेजारच्या केशरबाईंकडे किल्ली होती. त्यांनी कुंदाला बघितलं आणि म्हणाल्या, "आलात व्हय बाई? बसा. तुमाला बिनसाखरेचा टाकते." मग माझ्याकडे वळून, "तुमाला साखर चालती का, भाऊ?"

कुंदाला साखरेचा त्रास आहे हे आम्ही कुणाला सांगितलं नव्हतं. भरतने सांगितलं असेल, असं मी धरून चाललो. भरतला कुणी सांगितलं असेल, हा विचार मी तेव्हा केला नाही.

दोन दिवसांनी अवसरी बुद्रुकचं घर पाहिलं. ते पाहताक्षणी मला आवडलं. जिना नाही, पुढे ओटा, मागे मोकळी जागा, मंचरचे दवाखाने जवळ. मालकाची सून वैष्णवी पलीकडच्या घरातून किल्ली घेऊन आली. तिने आम्हाला सगळं घर दाखवलं आणि शेवटी कुंदाचा हात धरून तिला मागच्या खिडकीपाशी नेलं.

"हा बघा. चांगला फुटलाय."

खिडकीखाली गवती चहाचं दणकट बेट होतं.

"तुमीच म्हणालता ना, खिडकीखाली पायजे, पानी घालायला सोपं जाईल. मी दुसऱ्याच दिवशी लावला."

कुंदा त्या पातीकडे बघत राहिली. बडनेऱ्याला आमच्या मागच्या खिडकीखाली असाच गवती चहा आहे. "मी कधी म्हणाले?" तिने विचारलं.

"आलता तवा," वैष्णवी म्हणाली. आणि आवाज जरा खाली आणून तिने विचारलं, "हे भाऊ का तुमचे?"

मला हसू आलं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवरा-बायको सारखी दिसायला लागतात म्हणतात, त्यातलं काहीतरी असेल, असं वाटलं. "नाही," कुंदा म्हणाली. "हे आमचे मालक."

वैष्णवीने माझ्याकडे एकदा नीट बघून घेतलं. निघताना रिवाजाप्रमाणे तिने आतून हळदीकुंकवाची कोयरी आणली. कुंदाच्या कपाळापर्यंत बोट नेलं आणि तिथेच थांबली.

"चालंल का तुमाला? मागल्या येळी नको म्हणालता."

"कुंकवाला कोण नको म्हणेल?" कुंदा म्हणाली.

"तुमी एकट्याच ऱ्हाणार म्हणालता इथं. म्हून इचारलं." पोरगी घाबरली होती. खोडी काढणाऱ्याचा चेहरा तसा नसतो. कुंदाने स्वतःच कोयरीत बोट बुडवलं आणि कुंकू लावून घेतलं. ते थोडं तिरकं लागलं.

गाडीत मी यंत्र तपासायला सुरुवात केली. गणपतीत कुंदा पंधरवडाभर मोशीत होती आणि मी बडनेऱ्यात. तेव्हा ती येऊन घरं बघून गेली असणार. माझ्या नकळत, माझ्याशिवाय, आणि मालकांना एकटी राहणार म्हणून सांगून. मला राग आला, आणि रागापेक्षा जास्त वाईट वाटलं. माणूस साठी ओलांडून जातो आणि शेजारी बसलेली बाई आपल्याला सोडून राहायचे बेत करत होती हे त्याला एखाद्या खिडकीखाली कळतं.

"गणपतीत आली होतीस?" मी विचारलं.

"मला मोशीतली लिफ्ट एकटीला चालवता येत नाही," ती म्हणाली. "अवसरीला कशी येईन?"

हे खरं होतं. श्रेयालाही विचारलं. आई सोसायटीच्या फाटकाबाहेरही पडली नव्हती, वाटलं तर फाटकावरच्या माणसाला विचारा, असं म्हणाली आणि वर मलाच झापलं. मी भरतला खोदून विचारलं. त्याने आईची शपथ घेतली की काकूंना त्याने दिवाळीनंतरच पहिल्यांदा पाहिलं. म्हणजे यंत्र ठीक, तारा ठीक, माणसंही ठीक. आमच्या नोकरीत असं झालं की तो सिग्नल बंद करून गाड्या हाताने काढायच्या. तेच करायचं ठरवलं. सकाळी गाडीत बसल्यावर मी भरतला म्हणालो, आज तुझ्या मनातलं गाव नको. घोडेगावच्या पुढे घे, भीमाशंकरच्या रस्त्याला. वर जिथे रिकामं घर असेल ते विचारत जाऊ.

"काका, तिकडं कशाला? यश्टी दिवसातून एखादी. दवाखाना न्हाई."

"चल तर खरं."

धरणाचं पाणी रस्त्याला बराच वेळ सोबत होतं. मग चढ लागला आणि हवा एकदम गार झाली. तळेघरला चौकशी केली तेव्हा एका मास्तरांचं घर रिकामं असल्याचं कळलं. ते मुलाकडे राहायला गेले होते, किल्ली शेजारच्या रखमाजींकडे. वाट पायी होती. कुंदा माझा हात धरून सावकाश चढली. कापणी झालेल्या भातखाचरांत पेंढा पडला होता, त्याचा वास येत होता.

रखमाजींची बायको कुशाबाई अंगणात सुपात तांदूळ पाखडत होती. तिने कुंदाला खालपासून वरपर्यंत पाहिलं, नव्या माणसाला बघावं तसं. नाव विचारलं. गाव विचारलं. गुडघे कधीपासून दुखतात ते विचारलं. आणि, "चला आत, च्या घिऊ," म्हणून घेऊन गेली.

माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. इथे कुंदाला कुणी ओळखत नव्हतं. मी तर मनात तिथल्या तिथे घर घेऊनसुद्धा टाकलं.

रखमाजी मला मास्तरांचं घर दाखवायला निघाले. वाळकं, उंच म्हातारं माणूस, बोलणं कमी. दोन खोल्या, पडवी, मागे हिरड्याचं झाड. एका खिडकीचं दार घट्ट बसत होतं. ते मी जोर लावून उघडायला गेलो.

"वर उचलून वडा," रखमाजी म्हणाले. "इसरलात व्हय?"

मी वर उचलून ओढलं. दार उघडलं.

"बहिणीला आनलं सोबतीला," ते म्हणाले. "बरं क्येलं. एकल्याला लई जड जातं."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते माझ्याकडे मुळीच निरखून बघत नव्हते. ओळखीच्या माणसाकडे कोण निरखून बघतं? त्यांची नजर हिरड्याच्या झाडावर होती.

"मी इथे पहिल्यांदाच आलोय," मी म्हणालो.

"ऱ्हातंय तसं," ते समजुतीने म्हणाले. "तवा तुमचं चित्त ठिकान्यावर नव्हतं. सांच्याला इरजणाला यायचा, दारात उबं ऱ्हायचा आन् कशाला आलो तेच इसरायचा. म्हातारी म्हनायची, सुदरंल हळूहळू." मग काहीतरी आठवून ते पडवीतून आपल्या घरात गेले आणि परत आले. "तुमची वाटी ऱ्हायलीती."

स्टीलची लहान वाटी होती. रिकामी देऊ नये म्हणून तिच्यात मूठभर नवा तांदूळ घातला होता. मी तांदूळ बाजूला सारून काठ बघितला. रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये भांडी या घरून त्या घरी जात, म्हणून कुंदाने सगळ्या भांड्यांवर नाव घालून घेतलं होतं. कुंदा म. ढोले, बडनेरा. नाव घालणाऱ्याचा हात एका वाटीवर घसरला होता आणि 'ढोले'मधला 'ले' खाली गेला होता. ती वाटी बडनेऱ्याच्या घरात होती. घराला कुलूप होतं.

या वाटीवरचा 'ले' खाली गेला होता.

मी वाटी कोटाच्या खिशात घातली. तांदूळ खिशात सांडला. मला भीती वाटली, हे मी सरळ सांगतो. मध्ये मातीची भिंत होती, आणि भिंतीपलीकडे चुलीपाशी कुंदा बसली होती. तिथून मघापर्यंत दोघींच्या बोलण्याचा आवाज येत होता. आता येत नव्हता.

थोड्या वेळाने ती बाहेर आली. कपाळावर ताजं, ठसठशीत कुंकू होतं, अगदी सरळ लावलेलं.

"इथेच राहू," ती म्हणाली.

परतीच्या वाटेवर आम्ही दोघं फार सभ्यपणे बोललो. मी म्हणालो, अवसरी बरं. दवाखाना जवळ, बाजार जवळ, तुझे गुडघे. ती म्हणाली, तळेघर बरं, हवा किती छान आहे. मी म्हणालो, पावसाळ्यात तिथे भिंतींना ओल येईल. ती म्हणाली, ओल तर सगळीकडे येते. मी म्हणालो, अगं, तिथे तुला काही झालं तर वेळेवर गाडीसुद्धा मिळायची नाही.

"हो," ती म्हणाली. "तेच."

मी तिच्याकडे बघितलं. ती बाहेर बघत होती.

अवसरीत ती एकटी आली होती आणि तळेघरला मी. घराची निवड करायची म्हणजे मागे एकटं कोण राहणार ते ठरवायचं होतं, हे मला तेव्हा उमगलं, आणि पुढच्याच क्षणी वाटलं, छे, हा मूर्खपणा आहे. बडनेऱ्याला पोचेपर्यंत हे दोन्ही विचार आळीपाळीने चालू राहिले. घरी आल्यावर मी पहिल्यांदा स्वयंपाकघरातली फळी बघितली. वाट्या एकात एक नीट होत्या. 'ले' घसरलेली वाटीही होती. मी खिशातली वाटी माझ्या हत्यारांच्या पिशवीत, पान्यांच्या खाली ठेवली. ती पिशवी माझ्याशिवाय कुणी उघडत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी कुंदा वाणसामानाला गेली तेव्हा मी भरतला फोन लावला. काय बोलायचं ते पाठ केलं होतं.

"भरत, अवसरीचं पक्कं कर."

"अवसरी?" तो गोंधळला. "काका, काकूंनी सकाळीच फोन करून तळेघरचं पक्कं क्येलं. मी मास्तरांना कळवलं बी. तुमीच सांगितलं म्हणाल्या की."

मी फोन ठेवला. ती परत आल्यावर बोलायचं ठरवलं. ती आली, आणि मी नुसती तिच्या हातातली पिशवी घेऊन आत ठेवली. तिने हातपाय धुतले, देवापाशी दिवा लावला आणि सामान बांधायला बसली. आपल्या चांगल्या साड्या तिने श्रेयासाठी म्हणून वेगळ्या बांधल्या. उरलेल्या दोन-तीन पेटीत ठेवल्या.

मग तिने आतून हाक मारली.

"जरा इकडे या."

ओट्यावर दुधाचं पातेलं होतं. शेजारी दोन वाट्या होत्या. दोन्हींवरचा 'ले' खाली गेलेला होता. एकीच्या तळाशी तांदळाचा एक दाणा चिकटला होता.

"बोट घाला दुधात," ती म्हणाली. "चटका बसला तर थांबायचं. गार लागलं तर उशीर झाला."

"मी कशाला? तू आहेस की."

माझा हात धरून तिने माझं बोट दुधात बुडवलं. दूध कोमट होतं. मग तिने चमच्यात थोडं दही घेऊन माझ्या हातात दिलं, आणि कसं ढवळायचं, झाकण कसं ठेवायचं, मग हलवायचं नाही, हे सगळं सावकाश सांगितलं, शिकाऊ माणसाला सांगावं तसं. तांदळाचा दाणा नखाने काढून तिने ती वाटी पुसली आणि तिच्यातच दही लावायला सांगितलं.

सकाळी मी उठलो तेव्हा ती माझ्याआधी ओट्यापाशी उभी होती. तिने झाकण काढलं आणि वाटी तिरकी करून बघितली. दही हललं नाही.

"जमतंय की तुम्हाला," कुंदा म्हणाली.